रफूवाल्याने रचलेला माणूस

सिनेमाच्या धंद्यात त्याला सगळे रफूवाला म्हणत. नाव होतं त्याला, आईबापांनी हौसेने ठेवलेलं, पण ते पडद्यावर कधी आलंच नाही, मग लक्षात कोण ठेवतोय! दुसऱ्यांच्या पटकथा फाटल्या की ह्याच्याकडे यायच्या. मध्यंतरानंतर गोष्ट बसली, नायक नुसताच हिंडतोय, शेवट काही केल्या जमत नाही, की लोक म्हणायचे, बोलवा रे रफूवाल्याला. तो यायचा, खुर्चीत पाय दुमडून बसायचा, एक प्रसंग इकडचा तिकडे करायचा, दोन पात्रांचं एक करायचा, आणि मेलेली गोष्ट उठून चालू लागायची. नाव मात्र ज्याचं लागायचं त्याचंच लागायचं. 'दिसला तर तो रफू कसला!' असं म्हणून तो हसायचा. खोटं हसायचा. पन्नाशी उलटून गेली होती, आणि मोठ्या अक्षरांत एकदा तरी आपलं नाव यावं म्हणून हा माणूस आतल्या आत झुरत होता.

राहायचा थोरल्या भावाकडे. लग्न करायचं राहून गेलं होतं. घरातली मागची खोली त्याची, खिडकीशी टेबल, टेबलाखाली जुन्या पटकथांचे गठ्ठे. दादाने जन्मभर पाणीपुरवठ्यात नोकरी केली, रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायची आणि बंद करायची. माणूस अगदी तसाच. एखादी गोष्ट कानावर पडली की दोन दिवस आत फिरवणार, मग एक वाक्य बाहेर सोडणार. वहिनी बोलकी, शेजारणीशी जिन्यात उभी राहिली की दूध उतू जायचं. पण खरं काही लागलं की तीही गप्प व्हायची, आणि मग तिच्या गप्प बसण्यापुढे दादाचं गप्प बसणं म्हणजे बडबड वाटायची. ह्या दिराला तिने सांभाळलं, त्याचे शर्ट धुतले, त्याच्या न बनलेल्या सगळ्या सिनेमांच्या गोष्टी बटाटे सोलता सोलता ऐकल्या. 'किती दिवस राहणार आहेस' असं एकदाही विचारलं नाही.

आता ह्या धंद्यातली एक तऱ्हा सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पटकथा लिहितात हे खरं, पण वाचतो कोण? कोणी नाही! पैसे लावणाऱ्याला वाचायला वेळ नसतो, नटाला कंटाळा येतो. लेखकाने समोर बसायचं आणि अख्खा सिनेमा तोंडाने ऐकवायचा, पावसाच्या आवाजासकट. रफूवाला ह्यात उस्ताद होता. तो कागदाकडे बघतच नसे. बघायचा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, आणि चेहरा जसा हलेल तशी गोष्ट वळवायचा. चेहरा पडला की नायकाचा बाप मारायचा, चेहरा उजळला की बाप इस्पितळातून बरा होऊन घरी. लिहिलेलं काय होतं आणि ऐकवलं काय, ह्याचा मेळ नंतर टेबलाशी बसून घालायचा. त्याच्या ह्या कलेचं सगळ्यांना कौतुक होतं, आणि त्याला तर फारच.

गाठ पडली ती टाइलवाल्यांशी. हे गृहस्थ आधी न्हाणीघरातल्या टाइल्स विकायचे, मग सिनेमात पैसे घालू लागले. दोन सिनेमे चालले, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असं त्यांना वाटायला लागलं होतं. गोष्ट ऐकायची त्यांची रीतच निराळी. ते ऑफिसात ऐकत नसत. लेखकाच्या घरी यायचे आणि घरातल्या माणसांना समोर बसवायचे. म्हणायचे, 'टाइल दाखवायची नवऱ्याला, पण बघायचं बायकोच्या तोंडाकडे. माल पटला की नाही ते तिथे कळतं.'

सकाळी फोन आला, दुपारी येतो, घरच्यांना बसायला सांगा. रफूवाल्याकडे ऐकवण्यासारख्या तीन गोष्टी होत्या. दोन इतक्या जणांना ऐकवून झाल्या होत्या की त्यांचा चोथा झाला होता. तिसरी ताजी होती, अजून कोणाच्याच कानावर पडली नव्हती, आणि तिच्यात दम होता. फक्त ती त्याची नव्हती. ती वहिनीची होती.

फार जुनी गोष्ट. तो तेव्हा कॉलेजात. दादाची मुलगी, आता सासरी असते ती, अजून रांगतही नव्हती. घरात आई होती, आणि तिचा तोंडाचा पट्टा दिवसभर सुनेवर चालायचा. एका दुपारी बसस्टँडवर त्याला वहिनी दिसली, एकटी, हातात कपड्यांची बॅग. त्याला बघून ती जवळ आली, 'चल घरी' म्हणाली, आणि दोघं घरी आले. बॅग त्यानेच वाहिली. घराशी आल्यावर तिने ती त्याच्या हातातून घेतली आणि मागच्या दाराने आत नेली. तेव्हा त्याला काही उमगलं नाही. वय वाढलं तसं उमगलं, की वहिनी त्या दिवशी घर सोडून चालली होती. बोलला कधीच नाही. दादाला तर ह्यातलं अक्षरही माहीत नव्हतं. ही एक चांगली गोष्ट आपण आयुष्यात केली, असं तो स्वतःशी मानायचा.

आणि आता ती पटकथा झाली होती. नायिका तान्ह्या बाळाला सासूपाशी ठेवून घराबाहेर पडते, स्टँडवर बसून राहते, गाड्या येतात, जातात, आणि बाळाच्या ओढीने ती परत फिरते. त्याने बाळाचा मुलगा केला, घर बदललं, नवऱ्याला शाळेत मास्तर केला. स्टँडवर भेटणारा दीर होता, तो कापला. दिराचं काम काय तिथे? आपण स्वतः त्या दिवशी तिथे कशाला गेलो होतो, हे आठवायला लागलं की तो कागद उलटायचा. दादाला ओळखू यायचं नाही, वहिनी स्वयंपाकघरात असेल, दुपारभराचा तर प्रश्न, अशी त्याने मनाची समजूत घातली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. ह्याला होती, पण ती त्याने त्या दुपारी गहाण टाकली.

टाइलवाले आले. जाड माणूस, खुर्ची करकरली. दादा खिडकीपाशी स्टुलावर बसला, पाहुण्यासमोर बसायचं म्हणून धुतलेला शर्ट घालून. वहिनी चहा देऊन आत वळली तर टाइलवाले म्हणाले, 'अहो, तुम्ही कुठे चाललात? बसा, बसा. तुमच्यासाठीच तर सिनेमे काढतो आम्ही!' वहिनी हसली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. अजूनही वेळ होती. चोथा झालेल्या दोन गोष्टी होत्याच की. पण टाइलवाल्यांनी घड्याळाकडे बघितलं, आणि ह्याने तोंड उघडलं.

सुरुवात थंड गेली. टाइलवाल्यांनी एक बिस्कीट खाल्लं, मग दुसरं. मास्तर, सासू, तान्हं बाळ, ह्यांत त्यांना काही राम दिसेना. जांभई आली ती त्यांनी लपवलीही नाही. रफूवाल्याने घाईघाईने सासूचे दोन प्रसंग गिळले आणि नायिकेला थेट स्टँडवर नेऊन बसवलं. आवाज खाली आणला. बाकावर बाई, मांडीवर बॅग, समोर गाडी लागते, कंडक्टर ओरडतो, ती उठते, पुन्हा बसते. टाइलवाल्यांचा हात बशीतच थांबला.

'थांबा थांबा,' ते पुढे सरकले. 'कोण होता तो?'

'कोण?'

'अहो, ज्याच्यासाठी ती निघाली तो! बाई उगीच का घर सोडते? कोणीतरी असणार ना.'

कोणी नव्हतं. कथेतही नव्हतं, खऱ्यातही नव्हतं. पण समोरचा चेहरा असा उजळला होता की रफूवाल्याने इतक्या वर्षांत असा चेहरा बघितला नव्हता. त्या चेहऱ्यावर त्याला आपलं नाव दिसलं म्हणा ना! आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. 'आहे ना,' तो म्हणाला, 'तेच तर आता येतंय.'

माणूस ऐन वेळी रचायचा तर माती कुठली घेणार? जी हाताशी असेल ती. त्यांच्या जुन्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्त करणारा होता. काम करताना शिट्टी वाजवायचा. घरचा रेडिओ सारखा बिघडायचा, म्हणून घरी यायचा. बिचारा गरीब माणूस, मान वर करून बघायचा नाही. रफूवाल्याने त्याला उचललं, शिट्टीसकट. 'रेडिओ दुरुस्त करायला येतो तो. मास्तर घरी नसताना. बोलत नाही, नुसती शिट्टी वाजवतो. आणि हिने मुद्दाम एक तार ढिली करून ठेवलेली असते, म्हणजे तो पुन्हा येईल.' टाइलवाल्यांनी मांडीवर थाप मारली. रफूवाल्याला चेव आला. स्टँडवर बाई बसली आहे, आणि मागून, गर्दीतून, शिट्टी ऐकू येते. त्याने स्वतः ती वाजवून दाखवली. अगदी हुबेहूब वाजली.

वाजवता वाजवता त्याची नजर खिडकीकडे गेली. त्या खोलीत आणखी एक चेहरा होता, हे तो चक्क विसरला होता. दादा स्टुलावर होता तसाच होता. चहाचा कप ओठांपाशी नेला होता आणि तिथेच धरला होता. पीत नव्हता, खाली ठेवत नव्हता. आणि तो रफूवाल्याकडे बघतच नव्हता. बघत होता दाराच्या चौकटीकडे.

वहिनी पुढे आली, तिने सगळ्यांचे कप गोळा केले, भरलेले होते तेही, आणि आत गेली.

आता सांगा, ह्यानंतर माणसाने काय करावं? पोटात दुखतंय म्हणावं, फिट आल्याचं सोंग करावं, काहीही करावं. ह्याने गोष्ट पूर्ण केली. शेवटापर्यंत ऐकवली, आणि चांगली ऐकवली. बाळाच्या रडण्यावर आवाज कापरा करायचा तिथे केलासुद्धा. टाइलवाले डोळे पुसत उठले, म्हणाले, 'उद्या या, कागद करू. सिनेमात नाव तुमचं एकट्याचं.' जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, 'काय भाऊ, पटला का माल?' दादाने मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत घरात भांड्यांचाच आवाज होता. दिवे लागल्यावर दादा मागच्या खोलीत आला. ह्या खोलीत तो सहसा येत नसे. टेबलाला हात टेकून उभा राहिला.

'तो शिट्टीवाला,' दादा म्हणाला.

'दादा, तो मी तिथल्या तिथे रचला. शप्पथ. त्यांचा चेहरा बघून रचला. असं करावं लागतं आमच्यात.'

'आणि स्टँड?'

इथे 'तोही रचला' म्हटलं असतं तर सुटला असता. जन्मभर थापा मारून पोट भरलेला माणूस, एक थाप जास्त झाली असती तर काय बिघडलं असतं? पण नेमकी तेव्हाच जीभ लुळी पडली. दादाला जे कळायचं ते कळलं.

'म्हणजे बाई खरी,' दादा हळूहळू म्हणाला, 'स्टँड खरा. सासूही खरी, आईचे शब्द ओळखले मी. रेडिओ खरा. शिट्टी तर तू वाजवूनच दाखवलीस. फक्त माणूस खोटा?'

'दादा, ऐक तरी. मी सगळं सांगतो, जसं झालं तसं.' आणि तो सांगू लागला. दुपार होती, स्टँडवर गर्दी होती, आणि त्या गर्दीत, अचानक, त्याला वहिनी दिसली. बोलता बोलता त्याचे हात वर गेले होते, 'अचानक'पाशी तो जरासा थांबला होता, आवाज खाली आला होता. त्याचं त्यालाच ऐकू आलं. दादालाही ऐकू आलं.

'हात खाली कर,' दादा म्हणाला. 'दुपारी पण असाच सांगत होतास. मला त्या टाइलवाल्याइतकंच खरं वाटलं होतं.' आणि तो निघून गेला. रफूवाला टेबलाशी बसून राहिला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे त्याने कितीतरी पात्रांच्या तोंडी घातलं होतं. आज ते त्याच्या गळ्यात अडकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने टाइलवाल्यांना फोन केला. गोष्ट देणार नाही म्हणाला. टाइलवाल्यांना वाटलं भाव वाढवतोय. मग म्हणाला, निदान तो रेडिओवाला काढू द्या, बाकी सगळं घ्या. 'रेडिओवाला काढला तर उरलं काय हो?' टाइलवाले वैतागले. 'एक बाई जाते आणि परत येते! ह्याला कोण तिकीट काढणार?' शेवटी 'खड्ड्यात जा' म्हणून त्यांनी फोन ठेवला. मोठ्या अक्षरांतलं नाव गेलं. पण ह्याने काही भरून निघालं असं त्याला वाटेना. बाहेरच्या खोलीत दादा पाठमोरा बसला होता, आणि वहिनीने समोर ठेवलेल्या चहाला त्याने हात लावला नव्हता. बाईमाणूस घरात वाळीत पडल्यासारखी वावरत होती, आणि तिला वाळीत टाकणारा शब्द ह्याच्या तोंडून गेला होता.

दुपारी जेवायला तिघं एका टेबलाशी बसले, पण जेवत कोणीच नव्हतं. दादाने पाण्याचा पेला उचलला आणि रफूवाल्याला विचारलं, 'ती किती वेळ बसली होती तिथे? एकटीच होती, हे तू पाहिलंस की तुला वाटलं?'

आणि वहिनीने हातातला डाव टेबलावर आपटला.

'त्याला काय विचारता?' ती म्हणाली. 'काल पण त्यालाच विचारलंत. मी काय मेले होते? इतकी वर्षं संसार केला तुमच्याशी. मला एकदा विचारायचं होतं!'

दादाने पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता. 'बरं. तुला विचारतो,' तो खाली बघत म्हणाला.

वहिनीला गोष्ट सांगता येत नव्हती. पुढचं मागे आणि मागचं पुढे, मध्येच सासूच्या एका वाक्यावर अडायची, मग डाव सरळ करायची. माहेरी जाणार होते. कायमची. नाही, कायमची असं ठरवलं नव्हतं. तुमची आई त्या दिवशी काय बोलली ते आता सांगत नाही, ती गेली बिचारी. तुम्ही कामावर. तुम्हाला सांगून काय झालं असतं, तुम्ही दोन दिवसांनी हूं म्हणाला असता. तिकीट काढलं होतं. मुलगी आजीपाशी होती, आजी तिला जिवापाड जपायची, मुलीचा घोर नव्हता मला. बोलवून घेतली असती मागून.

'मग परत का आलीस?' दादाने विचारलं.

वहिनीने रफूवाल्याकडे बघितलं. त्याला कळलं आता काय येणार. इतकी वर्षं कागद उलटला, तरी कळलं.

'हा होता ना तिथे,' ती म्हणाली. 'परीक्षेत नापास झाला होता आणि घरी पास म्हणून सांगितलं होतं. पळून चालला होता. खांद्याला पिशवी, तोंड हे एवढंसं. मला बघून रडायलाच लागला. म्हणाला, वहिनी, तुला कसं कळलं मी इथे आहे?'

वहिनीने पुन्हा डाव सरळ केला.

'त्याला वाटलं मी त्यालाच शोधत आले. काय सांगणार त्याला? म्हटलं, कळतं मला. चल घरी. मी गाडीत बसले असते तर हाही दुसऱ्या गाडीत बसला असता. मी केव्हातरी परत आले असते हो. हा आला नसता.'

रफूवाल्याने ताटाकडे नजर लावली होती. बाळाच्या ओढीने परतली, असं त्याने लिहिलं होतं, ऐकवलं होतं, आणि वर कापरा आवाज लावला होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. जमीन असल्या कामाला कधी येत नाही.

'मला इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचंस,' दादा म्हणाला. 'आई गेल्यावर तरी.'

'कसं सांगणार? माझं सांगायचं तर ह्याचंही सांगावं लागलं असतं,' वहिनी म्हणाली. 'रस्ताभर माझा हात धरून म्हणत होता, दादाला सांगू नकोस, मला लाज वाटते. मी म्हटलं, नाही सांगणार. शब्द दिला होता त्याला.'

दादाने पेला बाजूला सारला. मग हात पुढे करून वहिनीचं ताट तिच्याकडे सरकवलं, आणि धाकट्या भावाकडे वळला.

'मान वर कर,' तो म्हणाला.

रफूवाल्याला ती करता आली नाही.